फरशीच्या हॉलमध्ये ५.१: मराठवाड्यातल्या घरात सराउंड साउंड बसवताना

दुकानात जायच्या आधी ज्या खोलीत ५.१ सिस्टिम (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) लावायची आहे तिच्या मधोमध उभं राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू आली, तर लाखाचा सेट आणला तरी संवाद गढूळच ऐकू येणार. लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत बहुतेक नवे हॉल एकाच साच्यातले: खाली शहाबादी नाहीतर व्हिट्रिफाइड फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती. आवाज जिरायला जागाच नाही. म्हणून क्रम असा धरा: आधी खोली, मग वीज, मग स्पीकरच्या जागा, आणि खरेदी त्यानंतर. लोक बहुधा शेवटून सुरुवात करतात.

खोली

टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची मोजा. १२ बाय १२ ची चौकोनी खोली आवाजाला सगळ्यात वाईट. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो, आणि दोन्ही दिशा सारख्याच असल्या की तोच सूर दुप्पट जोर धरतो. मग एकाच जागी धप्प-धप्प आणि दोन पावलं सरकलं की बेस गायब. १२ बाय १५ च्या खोलीत तेच दोन सूर ४७ आणि ३७ हर्ट्झच्या आसपास विभागले जातात, त्यामुळे त्रास कमी. हातात दोन खोल्या असतील तर लांबट निवडा.

बसायची जागा भिंतीला चिकटून नको आणि खोलीच्या अगदी मध्यावरही नको. भिंतीशी बेस घुमतो, मध्यावर पडतो. सोफा मागच्या भिंतीपासून निदान २-३ फूट पुढे ओढा. हॉल लहान म्हणून घरचे कुरकुर करतील, पण इतका मोठा फरक फुकटात दुसऱ्या कशानेही पडत नाही.

आता जिरवणं. सोफा आणि टीव्हीच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. खिडक्यांना जाड पडदे लावा, आणि ते चुण्या पडतील इतके रुंद घ्या. ताणून लावलेला पडदा निम्मंसुद्धा काम करत नाही. घरात जुन्या लुगड्यांची वाकळ असेल तर ती सोफ्यामागच्या भिंतीवर, भिंतीपासून ३-४ इंच अंतर सोडून टांगा. अंतर सोडायचं कारण असं की हवा भिंतीला लागून जवळपास हलतच नाही, थोडी दूर जास्त हलते, आणि कापड हलत्या हवेचीच ताकद खातं. थोडा खर्च करायची तयारी असेल तर ४८ किलो घनतेच्या २ इंची रॉकवुलचे २ बाय ४ फुटांचे चार तुकडे घ्या, लाकडी चौकटीत बसवा आणि वरून सुती कापड ताणा. रॉकवुल कापताना मास्क आणि हातमोजे घाला, धागे अंगाला फार खाजतात. दोन तुकडे बाजूच्या भिंतींवर, दोन सोफ्यामागे. बाजूच्या भिंतीवरची नेमकी जागा आरशाने सापडते: तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, आरशात पुढचा स्पीकर दिसला की तिथे खूण करा.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांनी काही होत नाही. ट्रे थोडाफार चिरका आवाज कमी करतो, थर्माकोल तेवढंही नाही.

गावाकडच्या माळवदाच्या घरात गणित वेगळं. जाड दगड-मातीच्या भिंती, वर तुळया, छत उंच-सखल; आवाज आपोआप विखुरतो. अशी खोली रिकामी पडली असेल तर सिमेंटच्या हॉलआधी तिचा विचार करा. तिथे अडचण एवढीच की मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून स्पीकर स्टँडवर ठेवावे लागतात. पत्र्याच्या खोलीत मात्र पावसाळ्यात सिनेमा विसरा.

वीज

इथे घाई करू नका. सिस्टिम घरघरते, बंद पडते किंवा जळते, त्यातलं बरंच इथून सुरू होतं.

पहिलं अर्थिंग. मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते, रोध वाढतो आणि जानेवारीत ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. म्हणून मार्चपासून पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. नवं करून घेणार असाल तर मीठ-कोळशापेक्षा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइटचं मिश्रण टाकून घ्या. ते ओल धरून ठेवतं.

तपासणी वायरमनकडून मल्टिमीटरने करून घ्या. ज्या सॉकेटवर सिस्टिम लागणार तिथे फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १ ते ३ व्होल्ट चालतील. ५ च्या वर गेले तर आधी दुरुस्ती, मग सिस्टिम. बऱ्याच रिसीव्हरना (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) दोनच पिनचा प्लग असतो, मग अर्थिंगशी त्यांचा काय संबंध, असं वाटेल. पण एचडीएमआयच्या वायरीतून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप सगळे एकमेकांना जोडले जातात. एकाचं अर्थिंग नसेल तर रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. आणि अर्थिंगच नसेल तर स्पाइक गार्डला जास्तीचा दाब जमिनीत सोडायला वाटच राहत नाही.

दुसरं व्होल्टेज. आसपास मोटारी चालू असल्या की दाब १८० पर्यंत उतरतो अशी तक्रार असेल, तर १ केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या. रिसीव्हर, टीव्ही आणि सबवूफर मिळून ७०० वॅटच्या पुढे सहसा जात नाहीत, तेवढ्याला तो पुरतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लाइट गेली की स्पीकरमधून भुणभुण सुरू होते, आणि तिला दुसरा उपाय नाही.

तिसरं कूलर. कूलर आणि सिस्टिम एका एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच नको. मोटर चालू-बंद होताना स्पीकरमध्ये 'टक्' असा आवाज येतो.

काय घ्यायचं

खरेदी शेवटीच करायची, पण जागा ठरवायच्या आधी सामान ओळखून घ्या. ५.१ म्हणजे पुढे डावा, मधला, उजवा, मागच्या बाजूला दोन सराउंड, आणि '.१' हा सबवूफर. त्या वाटेला फक्त खालचे सूर येतात म्हणून तो पूर्ण आकडा धरत नाहीत.

डब्यावर '१०,००० वॅट पीएमपीओ' (क्षणभराचा, फुगवलेला आकडा) लिहिलेलं दिसलं की पुढच्या दुकानात जा. बघायचा आकडा आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर. त्यातही मेख असते: 'प्रत्येकी ८० वॅट' हा आकडा बहुधा दोनच चॅनल चालवून मोजलेला असतो. पण घाबरू नका. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, त्या हिशेबाने ५० वॅटवर साधारण १०५. सोफ्यापर्यंत ७-८ गेले तरी ९७ उरतात. घरातल्या माणसाला तेवढं जड जातं. म्हणजे खरे ५० वॅट पुष्कळ झाले, आणि संवेदनशीलतेचा आकडा वॅटपेक्षा आधी वाचायचा.

पैसे एकदम नसतील तर चांगला ५.१ रिसीव्हर, पुढचे दोन, मधला आणि सबवूफर एवढं आधी घ्या. सराउंड पुढच्या दिवाळीला. बहुतेक संवाद मधल्या स्पीकरातून येतात, तिथे काटकसर केली की 'काय म्हणाला?' हा प्रश्न दर दोन मिनिटांनी ऐकावा लागतो. पुढचे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी मध्येच आवाज बदलते. ॲटमॉस (वरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) घ्यायचंच तर स्लॅबवर आपटून आवाज देणारे स्पीकर ८ ते १४ फूट उंचीच्या सपाट छताखालीच चालतात. पत्रे आणि माळवद बाद.

बाकी सामान: स्पीकरची वायर, १२-१५ केळी प्लग (वायरीच्या टोकाला लावायचे बनाना प्लग), सबवूफरची शिल्ड असलेली आरसीए वायर, एचडीएमआय, पीव्हीसी पाइप किंवा केसिंग पट्टी, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, टेप आणि चिकटपट्टी.

स्पीकरच्या जागा

समजा टीव्ही ५५ इंची आहे आणि तुम्ही ८ फुटांवर बसता. टीव्हीच्या मध्यापासून सोफ्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणून फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारा. पुढचे दोन स्पीकर या रेघेपासून २२ ते ३० अंशांवर हवेत, म्हणजे ८ फुटांवर बसणाऱ्यासाठी दोघांमध्ये साडेसहा ते सव्वानऊ फूट अंतर. ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला, बसल्यावर जमिनीपासून सुमारे ३ ते सव्वातीन फूट. तोंड सोफ्याकडे थोडं वळवा. कोपऱ्यात कोंबू नका.

मधला स्पीकर टीव्हीखाली येतो तेव्हा लोक त्याला युनिटच्या कप्प्यात सारतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. त्याचं तोंड कप्प्याच्या कडेच्या अर्धा इंच पुढे काढा आणि पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे देऊन त्याला कानाकडे उचला. कप्पा कडप्प्याचा असेल तर चारही कोपऱ्यांखाली रबर लागेलच.

सराउंड दोन्ही बाजूंना ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपासून जरा मागे, आणि कानापेक्षा १-२ फूट उंच. घरात हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही मागच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, छताला टेकवून लावणं. दुकानात तसं दिसतं म्हणून घरीही तसंच होतं. मागे भिंत लगेच असेल तर सराउंड थेट बाजूला, ९०-१०० अंशांवर घ्या. कोपऱ्यापेक्षा ते बरं.

सबवूफरची जागा डोळ्यांनी ठरत नाही. तो तात्पुरता सोफ्यावर, तुम्ही बसता तिथेच ठेवा, सतत बेस असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यावर फिरा. कान जमिनीजवळ ठेवा. जिथे बेस एकसारखा आणि मोकळा ऐकू येतो, तिथे सबवूफर. घरचे हसतील, हसू द्या. वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्याच्याखाली २ इंची जाड फोम आणि त्यावर फरशीचा तुकडा ठेवा. खालच्या घराला जाणारी धडधड थोडी तरी कमी होते.

वायरी

सोफ्यापर्यंत वायर १० मीटरच्या आत असेल तर १.५ चौरस मिलिमीटर, त्यापुढे २.५. हिशेब असा: १.५ ची तांब्याची वायर १० मीटर गेली म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर, रोध पाव ओहमच्या आसपास. ६ किंवा ८ ओहमच्या स्पीकरला ते ५ टक्क्यांच्या आत बसतं. पण वायर तांब्याचीच हवी. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं अल्युमिनियम असतं, रोध दीडपटीच्या वर जातो आणि तारा वाकवल्या की तुटतात. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत द्या.

टोक १० ते १२ मिलिमीटर सोला. तारा बोटांनी घट्ट पिळा, केळी प्लगमध्ये घाला, स्क्रू आवळा आणि मग उजेडात धरून बघा. केसाएवढी एक तार बाहेर राहिली आणि शेजारच्या टर्मिनलला टेकली की रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद होतो. वारंवार झालं तर आतला भाग जातो. जोडणी करताना रिसीव्हरचा प्लग सॉकेटमधून काढलेला असू द्या. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे.

लाल ते लाल, काळा ते काळा. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर बिघाड दिसत नाही, फक्त बेस नाहीसा होतो आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळेनासं होतं. भिंतीतून गेलेल्या वायरीचं टोक ओळखू येत नसेल तर रिसीव्हरकडची टोकं काढा आणि १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिक बाजूची तार लाल. जाळी काढून बघावं लागतं.

वायरी भिंतीत लपवणार (कन्सील करणार) असाल तर एचडीएमआयसाठी पाइप दीड इंची टाका. एक इंचीतून त्याचा प्लग वळणावर हमखास अडकतो. आत ओढदोरा सोडून ठेवा. ५ मीटरच्या पुढे फायबरची एचडीएमआय लागते. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक चित्र पाठवणाऱ्या यंत्राकडे, टीव्हीकडे नाही. उलटी ओढली तर पुन्हा सगळं उपसा. स्पीकर आणि सबवूफरच्या वायरी लाइटच्या वायरींपासून फूटभर दूर ठेवा, ओलांडायच्याच झाल्या तर काटकोनात. घरात ज्वारी-सोयाबीनची पोती असतील तर उघडी वायर ठेवूच नका, उंदीर पहिल्या पंधरवड्यात कुरतडतात.

टीव्ही आणि रिसीव्हर ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टनेच जोडा, टीव्हीचा आवाज त्यातूनच रिसीव्हरकडे परत येतो. ऑप्टिकल वायरीतून साधा डॉल्बी ५.१ जातो, ॲटमॉस जात नाही.

मोजून लावणं

फॅन, कूलर, फ्रिज बंद. रिसीव्हरसोबतचा माइक कॅमेऱ्याच्या तिपाईवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर पाठीवरून परतणारा आवाजही मोजला जातो. डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, या आपोआप मोजणीचं नाव काहीही असो, पहिलं माप मुख्य जागेवर आणि पुढची तिच्या आसपास फूट-दीड फुटावर घ्या.

मशीनने काढलेलं सगळं मुकाट्याने मान्य करू नका. स्पीकरसमोर 'लार्ज' आलं असेल तर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा, गाळण्याचं काम रिसीव्हरलाच करू द्या. दोघांनी गाळलं तर मधला पट्टा हरवतो. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा ३-४ फूट जास्त दिसेल. ते चूक नाही, त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. मात्र त्याची पातळी उणे १२ वर जाऊन थांबली असेल तर सबवूफरच्या मागचं आवाजाचं बटण कमी करून पुन्हा मोजा.

शेवटी टेस्ट टोन लावा आणि मोबाइलवरच्या साउंड मीटरने प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण पाचही सारखे आहेत का एवढं कळतं. सबवूफर मात्र मोबाइलवर तोलू नका, मोबाइलचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही; तिथे रिसीव्हरचंच माप ठेवा. संवादांसाठी मधला १-२ डेसिबल वाढवायला हरकत नाही. उन्हाळ्यात कूलर चालू असताना ३ सुद्धा लागतात.

मग ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि घरभर फिरा. शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी, खिडकीची जाळी, देवघरातली घंटा, काहीतरी थरथरतंच. प्रत्येकाला फेल्टचा तुकडा किंवा एक स्क्रू. यात तासभर जातो आणि तो वाचवू नये.

अडलं तर

ओटीटीवर ५.१ लिहिलंय आणि रिसीव्हर 'स्टिरिओ' दाखवतो: टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल, 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा. साध्या एआरसीमधून पीसीएम दोनच चॅनल जातो. ब्लूटूथने जोडलं असेल तर ५.१ येणारच नाही.

सबवूफर सारखा घूं करतो: आधी डिश किंवा केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढा. आवाज थांबला तर दोष तिथला, केबलवाल्याकडून आयसोलेटर बसवून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन तोडून घरघर थांबवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

तासाभराने आपोआप बंद: रिसीव्हर तापतो आहे. वर ६ इंच, बाजूंना ४ इंच मोकळी जागा, वर सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही. मेमध्ये खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा बंद कपाटात तो टिकणार नाही. महिन्यातून एकदा प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं नको.

आणि एप्रिल ते जून, दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि गडगडायला लागलं की प्लग काढा, डिशची वायर काढा, इंटरनेटचीही काढा. जवळ वीज पडली तर स्पाइक गार्ड ती अडवू शकत नाही, आणि तिन्हींपैकी एक वायर जोडलेली राहिली तरी बाकी दोन काढून उपयोग नसतो.